गाडीचं मायलेज घटलंय? आधी मोजा, मग गॅरेज गाठा

पुण्यात लिटरला १६ किलोमीटर देणारी गाडी जयपूरला आल्यावर १२ वर येते, तेव्हा घरात पहिला संशय पेट्रोल पंपावर जातो, दुसरा गाडीवर आणि तिसरा ती चालवणाऱ्यावर. नोकरी, बदली किंवा व्यवसायानिमित्त जयपूरला राहायला आलेल्या मराठी कुटुंबांत मे-जून उजाडला की हा विषय हमखास निघतो. मग कुणीतरी सुचवतं, ‘‘इंजेक्टर साफ करून घ्या,’’ कुणी सांगतं, ‘‘प्लग बदला.’’ दोन्ही होतं, बिलही भरलं जातं, पण मायलेज काही हलत नाही. कारण खराबी शोधण्याआधीच दुरुस्ती झालेली असते.

हा खर्च किरकोळ नाही. समजा तुमची गाडी महिन्याला १,००० किलोमीटर धावते. लिटरला १८ किलोमीटर मिळत असतील तर सुमारे ५६ लिटर पेट्रोल लागतं. तेच १४ वर आलं तर सुमारे ७१ लिटर. पेट्रोल १०० रुपये लिटर धरलं, तरी महिन्याला जवळपास १,६०० आणि वर्षाला १९,००० रुपये जादा जातात. राजस्थानात तर इंधनावरचा कर मुळातच जास्त. देशात साधं पेट्रोल शंभरी पार गेलं, तेही फेब्रुवारी २०२१ मध्ये याच राज्यातल्या श्रीगंगानगरमध्ये.

चांगली गोष्ट ही, की मायलेज घटण्याची बहुतेक कारणं क्रमाने तपासली तर सापडतात आणि त्यातली निम्मी तर घरच्या घरी.

खरा आकडा काढा

डॅशबोर्डवर दिसणारं मायलेज हा अंदाज असतो आणि तो बऱ्याचदा गाडीच्या बाजूने झुकलेला असतो. खरा आकडा काढायची पद्धत जुनी आणि सोपी आहे.

पंपावर टाकी फुल्ल करा. नोझल आपोआप बंद झालं की थांबा, वरून आणखी भरायला सांगू नका. मीटरवरचे किलोमीटर लिहून ठेवा. मग नेहमीसारखी गाडी वापरा आणि टाकी पाव उरली की शक्यतो त्याच पंपावर, पुन्हा नोझल बंद होईपर्यंत भरा. पहिल्या वेळी मीटर ४५,२१० होता, आता ४५,६३४ आहे, म्हणजे गाडी ४२४ किलोमीटर धावली. दुसऱ्या वेळी २९.८ लिटर पेट्रोल बसलं. ४२४ भागिले २९.८, म्हणजे लिटरला १४.२ किलोमीटर.

हे सलग तीन टाक्यांसाठी करा. ५०० रुपयांचं पेट्रोल टाकून काढलेलं मायलेज फसवं असतं. पाच लिटरमध्ये एका लिटरची चूक झाली तर ती २० टक्के होते, ३५ लिटरमध्ये तीच चूक ३ टक्क्यांच्या आत राहते. जयपूरकरांना हे तत्त्व नवं नाही. सवाई जयसिंहांनी जंतरमंतरमध्ये दगड-चुन्याची प्रचंड यंत्रं उभारली, ती याचसाठी. लहान पितळी यंत्रं झिजायची आणि मोजमाप चुकायचं.

नोंदवहीचं काम घरातल्या शाळकरी मुलांकडे द्या. तारीख, किलोमीटर, लिटर आणि गाडी कुणी चालवली, एवढे चार रकाने पुरेत.

पंपावरच संशय असेल तर वाद घालायची गरज नाही. प्रत्येक पंपावर वैधमापन विभागाचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप असतं. त्यात पेट्रोल मोजून दाखवा, असं कोणताही ग्राहक सांगू शकतो.

कंपनीचा आकडा वेगळा का?

जाहिरातीतला मायलेजचा आकडा खोटा नसतो, पण तो तुमच्या रस्त्यावरचा नसतो. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत गाडी रोलरवर ठेवून ही चाचणी होते. जेमतेम २० मिनिटांची ठरावीक चाल, कमाल वेग ताशी ९० किलोमीटर आणि एसी बंद. तिथे बडी चौपडची गर्दी नसते आणि मेची दुपारही नसते.

म्हणून तुलना जाहिरातीशी करू नका. तुमचीच गाडी, तोच रस्ता आणि तोच ऋतू, पण गेल्या वर्षीचा आकडा, ही खरी तुलना. पुण्यातल्या फेब्रुवारीची जयपूरच्या मे महिन्याशी तुलना केली तर गाडीवर उगाच आळ येतो.

गाडी निर्दोष असते तेव्हा

मायलेज घटलं म्हणजे गाडी बिघडली, असं नाही. शहर, ऋतू आणि इंधन ही तीन कारणं आधी बाजूला काढा.

शहर : जोहरी बाजार, बापू बाजार, त्रिपोलिया या परकोट्याच्या भागात गाडी धावते कमी, थांबते जास्त. उभ्या गाडीचं मायलेज शून्य असतं. लहान पेट्रोल गाडीही एसी लावून तासभर उभी राहिली, तर साधारण पाऊण ते एक लिटर पेट्रोल जळतं. खरेदीला परकोट्यात जायचं असेल, तर मानसरोवर किंवा सिव्हिल लाइन्सच्या बाजूने मेट्रो पकडा. २०२० पासून ती थेट बडी चौपडपर्यंत जाते. पार्किंग शोधत घातलेल्या चकरा वाचतात, त्या वेगळ्याच.

दोन-तीन किलोमीटरच्या सुट्या फेऱ्याही महाग पडतात. इंजिन पुरतं गरम व्हायच्या आत आपण ते बंद करतो आणि थंड इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं. दूध, भाजी आणि क्लास अशा तीन फेऱ्यांची एक फेरी केली, तर फरक लगेच दिसतो.

ऋतू : अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या माहितीनुसार कडक उन्हात, विशेषतः छोट्या फेऱ्यांमध्ये, एसीमुळे मायलेज २५ टक्क्यांहूनही जास्त घटू शकतं. जयपूरच्या ४२-४३ अंशांत हे पटायला अवघड नाही. याचा अर्थ घामाघूम होऊन गाडी चालवा, असा नाही. गाडी सावलीत लावा, पुढच्या काचेवर पडदा ठेवा. निघताना एक-दोन मिनिटं काचा उघड्या ठेवून आतली कोंडलेली गरम हवा बाहेर जाऊ द्या. मग एसी लावा आणि गाडी थोडी गार झाली की आतलीच हवा फिरवणारं बटण दाबा. हायवेवर मात्र काचा उघडून धावण्यापेक्षा एसीच बरा, कारण आत शिरणारा वारा गाडीला मागे ओढतो.

इंधन : आता देशभर बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं ई-२० पेट्रोल मिळतं. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे मायलेज थोडं घटतंच. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात, ई-२० साठी जुळवलेल्या नव्या गाड्यांत ही घट १ ते २ टक्के आणि जुन्या रचनेच्या चारचाकींत ६ ते ७ टक्के धरली आहे. म्हणजे १६ चं मायलेज ई-२० मुळे १५ वर येऊ शकतं. पण ते ११ वर आलं असेल, तर सगळा दोष इथेनॉलला देऊन मोकळं होता येणार नाही. आणखी काहीतरी बिघडलेलं आहे.

घट किती, त्यावरून कारण

डॉक्टर आधी ताप मोजतात, तसंच इथे. घट किती झाली आणि किती दिवसांत झाली, यावरून संशयाची दिशा ठरते.

५ टक्क्यांच्या आसपास घट असेल, तर टायरमधली हवा, चुकीच्या ग्रेडचं ऑइल, डिक्कीतलं ओझं किंवा ई-२० यांकडे बघा.

१० ते २५ टक्के घट असेल आणि ती ऋतूबरोबर किंवा नव्या ऑफिसच्या रस्त्याबरोबर सुरू झाली असेल, तर एसी, ट्रॅफिक, वेग आणि चालवण्याची सवय यांवर संशय घ्या.

रस्ता तोच, ऋतू तोच, चालवणाराही तोच आणि दोन टाक्यांतच मायलेज २५-३० टक्क्यांनी कोसळलं, तर मात्र बिघाडच समजा. चिकटलेला ब्रेक, खराब सेन्सर, थर्मोस्टॅट, घसरणारी क्लच प्लेट किंवा पेट्रोलची गळती. पेट्रोलचा वास येत असेल, तर मायलेजचा हिशोब बाजूला ठेवा. गाडी चालवू नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

घरी करायची तपासणी

या तपासणीला अर्धा तासही लागत नाही.

टायर : हवा सकाळी, गाडी निघण्यापूर्वी तपासा. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. पंपावरचा मुलगा ‘सगळ्यांना ३५’ म्हणाला, तरी स्टिकरचंच ऐका. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की टायरमधला दाब साधारण एक पीएसआयने कमी होतो. म्हणून मेच्या दुपारी भरलेली हवा जानेवारीच्या पहाटे पंक्चर नसतानाही पाच-सहा पीएसआयने कमी दिसते. एका पीएसआयने मायलेज जेमतेम ०.२ टक्के घटतं, म्हणजे खिशाला चिमटा छोटाच. पण कमी हवेचा टायर तापतो आणि उन्हाळ्यात दिल्ली-जयपूर हायवेवर तो फुटणं जिवावर बेतू शकतं. म्हणून महिन्यातून एकदा हवा तपासायचीच.

ब्रेक : आठ-दहा किलोमीटर गाडी चालवून थांबा. तळहात चारही रिमजवळ न्या, पण डिस्कला किंवा रिमला हात लावू नका. एकच चाक बाकीच्यांपेक्षा खूप गरम वाटलं किंवा जळका वास आला, तर त्या चाकाचा ब्रेक चिकटतोय. सपाट जागी न्यूट्रलमध्ये गाडी ढकलून पाहा. ती जड वाटली तरी तोच संशय. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून आठवडाभर उभ्या राहिलेल्या गाडीत हे बऱ्याचदा होतं.

टायरची झीज : टायर एकाच कडेने घासला असेल किंवा सरळ रस्त्यावर स्टेअरिंग एका बाजूला ओढत असेल, तर अलाइनमेंट करून घ्या.

ओझं : डिक्की रिकामी करा. जुन्या सतरंज्या, पाण्याचे कॅन, मुलांची सायकल, सगळं बाहेर काढा. ४५ किलो जादा वजनाने लहान गाडीचं मायलेज साधारण एक टक्क्याने घटतं. सहलीनंतर टपावरचं कॅरियर काढलं नसेल, तर तेही काढा. हायवेवर ते रिकामं असलं तरी वारा अडवतं.

क्लच : चढावर ॲक्सिलेटर दाबला, इंजिनाचा आवाज आणि आरपीएम वाढला, पण गाडीने वेगच घेतला नाही, तर क्लच प्लेट घसरतेय. नाहरगडचा चढ चढताना हे चटकन कळतं.

धूर : काळा धूर म्हणजे इंधन पूर्ण जळत नाही. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर सुरूच राहिला, तर कूलंट आत जात असण्याची शक्यता असते.

पीयूसी : हा कागद फक्त पोलिसांना दाखवायचा नसतो. पेट्रोल गाडीच्या पीयूसीवर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा छापलेला असतो. मागच्या वेळचा आणि आताचा कागद शेजारी ठेवा. गाडी पास असूनही हा आकडा बराच वाढला असेल, तर इंजिनात गरजेपेक्षा जास्त पेट्रोल जातंय, असा त्याचा अर्थ होऊ शकतो.

गॅरेजात काय सांगाल?

‘मायलेज देत नाही, बघा जरा’ असं सांगितलं की मेकॅनिक जे हाताशी असेल ते बदलतो. त्याऐवजी वही दाखवा आणि सांगा, ‘‘तीन टाक्यांत मायलेज १६ वरून ११ वर आलंय. रस्ता तोच आहे, टायरमध्ये हवा बरोबर आहे, ब्रेक तापत नाहीत. आधी स्कॅनर लावा.’’

२०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत स्टेअरिंगच्या खाली स्कॅनर जोडायचं सॉकेट असतं. इंजिनाने आपला बिघाड कोडच्या रूपात साठवलेला असतो. तो कोड लिहून मागा. चेक इंजिनचा पिवळा दिवा लागलेला असेल, तर नुसता दिवा घालवून घेऊ नका, त्याचं कारण विचारा. मग या गोष्टी बघायला सांगा.

ऑक्सिजन सेन्सर : सायलेन्सरच्या पाइपमध्ये बसवलेला हा छोटा भाग धुरातला ऑक्सिजन मोजतो आणि त्यावरून किती पेट्रोल सोडायचं ते ठरतं. तो चुकला की इंजिन आंधळेपणाने पेट्रोल पितं. अमेरिकी ऊर्जा विभागाच्या मते, असा गंभीर बिघाड दुरुस्त केल्यावर मायलेज ४० टक्क्यांपर्यंत सुधारू शकतं.

थर्मोस्टॅट : हा उघडाच अडकला तर इंजिन पुरेसं गरम होत नाही. आपण अजून थंडच आहोत असं समजून ते जादा पेट्रोल घेत राहतं. जयपूरच्या डिसेंबर-जानेवारीत, २० मिनिटं गाडी चालवूनही तापमानाचा काटा वर येत नसेल किंवा निळा दिवा जात नसेल, तर हे तपासा.

स्पार्क प्लग आणि कॉइल : उभी गाडी थरथरत असेल, मध्येच झटके देत असेल, तर यांच्यावर संशय घ्या. प्लग किती किलोमीटरला बदलायचे ते गाडीच्या पुस्तिकेत असतं, त्याआधी उगाच बदलू नका.

एअर फिल्टर : याबद्दल एक गैरसमज आहे. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये तपासलं, तेव्हा आधुनिक इंजेक्शनच्या गाड्यांत तुंबलेल्या फिल्टरने मायलेज फारसं घटत नाही, पिकअप घटतो, असं आढळलं. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत मात्र मायलेजही घटतं. तरीही मे-जूनच्या आंधीनंतर फिल्टर उघडून बघाच. तो फाटला असेल किंवा नीट बसला नसेल, तर राजस्थानची बारीक वाळू थेट इंजिनात जाते आणि तो खर्च पेट्रोलपेक्षा कितीतरी मोठा असतो.

ऑइल : पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० लिहिलं असेल, तर तेच घाला. ‘इथे गरमी जास्त, घट्ट ऑइल टाका’ हा सल्ला सरसकट मानू नका. घट्ट ऑइलमध्ये इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो.

डिझेल गाडी असेल तर : बीएस-६ डिझेल गाडीत काजळी पकडणारा डीपीएफ फिल्टर असतो. गाडी रोज फक्त घर ते शाळा एवढीच चालली, तर तो भरतो आणि काजळी जाळण्यासाठी गाडी जादा डिझेल वापरते. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे अधूनमधून अजमेर रोडसारख्या मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने गाडी चालवून आणा.

कशावर पैसे घालवू नयेत?

पेट्रोलच्या नळीवर लावायचं चुंबक, सॉकेटमध्ये खोचायची ‘फ्युएल सेव्हर’ डबी, टाकीत टाकायच्या गोळ्या, अशा वस्तूंच्या जाहिराती मोबाइलवर रोज दिसतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभराहून जास्त साधनं तपासली. मायलेज लक्षणीय वाढवणारं एकही सापडलं नाही. ते पैसे हवेचा दाब मोजायचा गेज घेण्यावर खर्च करा.

कोड नाही, लक्षण नाही, तरीही इंजेक्टर साफ करायचं पॅकेज गळ्यात मारलं जात असेल, तर ‘कशावरून?’ एवढंच विचारा.

चालवणारा बदलला तर?

एकच गाडी घरातले तिघं चालवत असतील, तर वहीतला चौथा रकाना बोलू लागतो. सिग्नल सुटताच झेप घेणं आणि पुढच्या सिग्नलला करकचून ब्रेक मारणं, याने शहरात मायलेज १० ते ४० टक्के घटू शकतं, असं अमेरिकी ऊर्जा विभाग सांगतो. म्हणजे एखाद्या घरात खराब सेन्सरइतकंच नुकसान नुसता उजवा पाय करत असतो. टोंक रोडवर लांबचा लाल दिवा दिसताच ॲक्सिलेटरवरून पाय काढा, गाडी गिअरमध्येच हळू होऊ द्या. इंजिन बंद करून उतारावर गाडी सोडू नका. पॉवर ब्रेक आणि पॉवर स्टेअरिंग दोन्ही कडक होतात.

हायवेवर वेगाचं गणित स्पष्ट आहे. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० वरून ११० वर गेलात की तो जवळपास दुप्पट होतो. मुंबई किंवा पुण्याहून जयपूर म्हणजे बाराशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास. तेवढ्या अंतरात हा फरक टाकीत दिसतोच.

मात्र वहीचा उपयोग भांडणासाठी करू नका. ‘तू पेट्रोल उडवतोस’ म्हणण्यापेक्षा सगळ्यांनी आळीपाळीने एकेक टाकी त्याच रस्त्यावर चालवून बघा. आकडा कुणाचाही पक्ष घेत नाही.

एका वेळी एकच बदल

शेवटी सगळ्यात महत्त्वाचं. एकाच दिवशी प्लग, फिल्टर, ऑइल आणि सेन्सर असं सगळं बदललं, तर मायलेज सुधारेलही, पण कशाने सुधारलं ते कधीच कळणार नाही. पुढच्या वेळी पुन्हा चारही गोष्टींचं बिल भराल. आधी फुकटच्या गोष्टी करा: हवा, ओझं, कॅरियर, छोट्या फेऱ्या. एक टाकी मोजा. मग स्कॅनर, मग कोड ज्याकडे बोट दाखवेल तो एक भाग. पुन्हा एक टाकी मोजा.

एवढं करूनही आकडा गेल्या वर्षीच्या याच महिन्याइतका आला, तर गाडी ठणठणीत आहे. जयपूरच्या उन्हाळ्याचं एवढं पेट्रोल मोजावंच लागतं. आणि तो आला नाही, तर गॅरेजात जाताना तुमच्या हातात वही असेल. ग्राहकाजवळ हिशोब आहे हे दिसलं, की समोरच्यालाही बिल करताना विचार करावा लागतो.